साचलेले पाणी

संत लूकलिखित शुभवर्तमानाच्या चौदाव्या अध्यायाच्या आरंभी एक मनुष्य येतो. त्याला नाव नाही आणि तो एक शब्दही बोलत नाही. शब्बाथाचा दिवस आहे, प्रभू येशू एका परुशी पुढाऱ्याच्या घरी जेवावयास गेला आहे, सर्वांची नजर प्रभूवर खिळलेली आहे आणि त्याच्या अगदी समोर हा मनुष्य उभा आहे. त्याला जलोदर झाला आहे; म्हणजे अंगात पाणी साचून त्याचे शरीर सुजले आहे. प्रभू त्याला हाती धरतो, बरे करतो आणि निरोप देतो. मग भोवतालच्यांना तो विहिरीत पडलेल्या मुलाविषयी आणि बैलाविषयी प्रश्न विचारतो, आणि सारे गप्प बसतात.

आम्हांला गुरुदीक्षा मिळून पंचवीसहून अधिक वर्षे झाली. या अध्यायावर आम्ही किती प्रवचने दिली असतील याची गणती नाही. पंगतीतील मानाच्या जागेवर दिली, नम्रतेवर दिली, गरिबांना जेवू घालण्यावर दिली. त्या सुजलेल्या मनुष्यावर मात्र एकही दिले नाही. त्याला एक कारणही आहे. सामान्यकाळातील बाविसाव्या रविवारी, तीन वर्षांच्या चक्रातील 'क' वर्षी, हा अध्याय वाचला जातो तेव्हा पहिल्या ओवीनंतर एकदम सातव्या ओवीवर उडी असते. दोन ते सहा या ओव्या वगळलेल्या आहेत. तो मनुष्य रविवारच्या मंडळीपुढे येतच नाही. तो येतो तिसाव्या आठवड्यातील शुक्रवारी, सकाळच्या मिस्सेला, जेव्हा देवळात दहा-बारा माणसे असतात. हे आमच्या ध्यानात आले ते ग्रंथ वाचून नव्हे. आमच्या थोरल्या बहिणीच्या हातामुळे आले.

घरात सारे तिला बाय म्हणतात. ती आमच्याहून अकरा वर्षांनी मोठी. आई शेतावर गेली की आम्हांला कडेवर घेऊन रहाटाशी उभी राहणारी ती, आणि आम्ही सेमिनरीत जाण्याचा हट्ट धरला तेव्हा बाबांची समजूत घालणारीही तीच. वसई तालुक्यातील एका गावात तिचे सासर. दादा, म्हणजे तिचे यजमान, निवर्तले. मुलगा, सून, दोन नातवंडे आणि केळीची व सोनचाफ्याची वाडी हा तिचा संसार. घरी ती आम्हांला नावाने हाक मारते. रागावली म्हणजे मात्र 'फादर' म्हणते.

२०१९ साली बायला स्तनाचा कर्करोग झाला. शस्त्रक्रियेत डाव्या बगलेतील गाठीही काढल्या आणि नंतर किरणोपचार झाले. ती बरी झाली. तिच्या नावाने आम्ही कृतज्ञतेची मिस्सा केली, सगळा गाव जेवला. २०२१ च्या नोव्हेंबरात एका रविवारी मिस्सा आटोपल्यावर ती साक्रिस्तीत आली. डावा हात जड वाटतो, बांगड्या चढत नाहीत, लग्नाची अंगठी सोनाराकडून कापून काढावी लागली, असे म्हणाली. आमच्यासमोर त्या दिवशीचे दोन बाप्तिस्मे आणि एक सभा होती. आम्ही म्हणालो, "बाय, एवढ्या दुखण्यातून प्रभूने तुला वाचवले. आता हा थोडा क्रूस त्याला अर्पण कर." तिने "बरं" म्हटले आणि पदर नीट करून ती निघून गेली.

ते "बरं" चौदा महिने टिकले. २०२३ च्या जानेवारीत तिला हुडहुडी भरून ताप आला, हात कोपरापासून लालभडक झाला आणि तिला इस्पितळात दाखल करावे लागले. त्वचेखाली जंतूंचा संसर्ग झाला होता. सुजलेल्या हाताला एवढीशी चीर पुरे होते. बायला ती केळीची पाने कापताना पडली असावी. चार दिवस सुईवाटे औषध दिल्यावर ताप उतरला. निघताना डॉक्टरांनी तिला विचारले, "आजी, एवढी सूज वर्षभर अंगावर काढली? काय करीत होता?" बाय शांतपणे म्हणाली, "अर्पण करीत होते." डॉक्टरांना ते कळले नाही. आम्हांला कळले.

परतताना गाडीत बराच वेळ ती बोलली नाही. मग म्हणाली, "फादर, तुम्ही सांगितलंत म्हणून मी सोसलं. त्याचं काही वाटत नाही. वाटतं ते याचं, की तू माझा हात बघितलाच नाहीस. मी पदर सरकवीत होते आणि तू घड्याळ बघत होतास." एकाच दमात तिने आम्हांला धर्मगुरूही म्हटले आणि भाऊही म्हटले, आणि दोन्ही ठिकाणी आम्ही उणे पडलो होतो.

डॉक्टरांनी सोनोग्राफी करून घ्या म्हणून सांगितले होते. एकच हात किंवा एकच पाय सुजला असेल तर प्रथम नीलेत रक्ताची गुठळी अडकली नाही ना, हे पाहावे लागते. शिवाय बगलेत जुना रोग पुन्हा उद्भवला नाही ना, याचीही खात्री करावी लागते. या दोन शंका फिटल्यावर हाताचेच मोजमाप घ्यायचे होते. संसर्ग पुरता ओसरल्यावर, फेब्रुवारीत, बायला घेऊन आम्ही गेलो.

सोनोग्राफी म्हणजे बाळंतपण, असे आपल्याकडे समीकरण आहे. प्रतीक्षागृहात सात-आठ गरोदर स्त्रिया आणि त्यांच्यामध्ये पांढरा झगा घातलेले आम्ही. सगळ्यांच्या नजरांत प्रश्न होता. भिंतीवर पाटी होती, येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही. अशी पाटी आपल्या राज्यातील प्रत्येक सोनोग्राफी केंद्रात असते, कारण या यंत्राचा गैरवापर रोखणारा कायदा देशात सर्वप्रथम महाराष्ट्राने १९८८ साली केला आणि १९९४ साली संसदेने तो सबंध देशासाठी केला. त्या पाटीखाली बसल्या बसल्या आमच्या मनात आले, पडद्यावर दिसणे तेच असते. कुणी ते पाहून एका मुलीचा जन्म नाकारतो, तर कुणी ते पाहून एका म्हातारीचा हात वाचवतो. यंत्राला स्वतःचा धर्म नसतो. त्याला धर्म देणारे आपण.

डॉक्टरबाई तरुण होत्या, पण घाईत नव्हत्या. त्यांनी बायला आडवे केले, दोन्ही हात उघडे करून सारख्याच उंचीवर ठेवले आणि कोपराच्या खाली व वर दहा-दहा सेंटिमीटरवर पेनाने खुणा केल्या. मग थंडगार बुळबुळीत जेल भरपूर लावून त्यांनी प्रोब टेकवला. आधी उजव्या, म्हणजे निरोगी हातावर. पडद्यावर वर एक उजळ पातळ रेघ होती, ती त्वचा. तिच्याखाली करडा पट्टा आणि त्यात बारीक पांढऱ्या रेषा, ती चरबी. त्याखाली पट्ट्यापट्ट्यांचा स्नायू. कोपराखालच्या खुणेवर त्वचेची जाडी १.२ मिलिमीटर आणि चरबीच्या थराची ६ मिलिमीटर भरली.

मग त्यांनी प्रोब डाव्या हातावर त्याच खुणेशी नेला. त्वचेची रेघ फुगली होती, २.३ मिलिमीटर. खालचा थर ११ मिलिमीटर. तो अधिक पांढुरका झाला होता आणि त्याच्या मधून मधून काळ्या भेगा गेल्या होत्या. फरसबंदीच्या दगडांमधल्या सांधींसारखा तो देखावा होता. डॉक्टरबाई म्हणाल्या, "या काळ्या भेगा म्हणजे साचलेलं पाणी. पाण्यातून आवाजाचा प्रतिध्वनी येत नाही, म्हणून ते काळं दिसतं. बगलेतल्या गाठी काढल्या, त्यामुळे रस वाहून नेणारी वाट तुटली."

बायने मान वळवून पडद्याकडे पाहिले आणि म्हणाली, "म्हणजे पाट बुजलाय."

डॉक्टरबाई हसल्या. "अगदी तसंच."

"मग वाडी चिबड होणारच," बाय म्हणाली. "आणि चिबड जमीन फार दिवस तशीच ठेवली तर माती घट्ट होते. मग पाणी काढलं तरी पूर्वीसारखी होत नाही."

वैद्यकाच्या पुस्तकांत आम्ही पुढे जे वाचले ते याहून वेगळे नव्हते. आपले रक्त सूक्ष्म केशवाहिन्यांतून फिरते तेव्हा त्यातील काही द्रव पेशींच्या अवतीभवती झिरपतो. तो सगळाच रक्तात थेट परतत नाही. उरलेला द्रव, आणि विशेषतः त्यातील प्रथिने, दुसऱ्याच एका नाजूक जाळ्यातून गोळा होतात. या द्रवाला लसीका म्हणतात. वाटेत ती गाठींमधून गाळली जाते आणि शेवटी मानेच्या पायथ्याशी मोठ्या नीलेत जाऊन मिळते. या जाळ्याला हृदयासारखा पंप नाही. वाहिन्यांचे स्वतःचे मंद आकुंचन, त्यांच्यातील झडपा, स्नायूंची हालचाल आणि आपला श्वास यांच्या बळावर ती वाहते. १६२२ साली मिलानमध्ये गास्पारे आसेल्ली या वैद्याला नुकत्याच खाल्लेल्या एका कुत्र्याच्या पोटात पांढरे धागे दिसले. मज्जातंतू समजून त्याने एक कापला, तर आतून दुधासारखा द्रव वाहिला. पचलेल्या अन्नातील स्निग्धांशामुळे लसीका त्या घटकेस पांढरी झाली होती, म्हणूनच ती दिसली. एरवी ती पाण्यासारखी असते आणि शरीरात तिची वाट कुणाच्या डोळ्यांत भरत नाही.

तिची वाट अडली की जी सूज येते तिला लिम्फिडीमा म्हणतात. आरंभी हात वर धरून ठेवला की सूज उतरते आणि बोटाने दाबले की खड्डा पडतो. पुढे हात वर धरूनही उतरत नाही. साचलेल्या प्रथिनयुक्त द्रवामुळे तेथे दाह राहतो, तंतू वाढतात, चरबी वाढते आणि भाग कठीण होतो. स्तनाच्या कर्करोगावरील शस्त्रक्रियेत बगलेतील गाठी सरसकट काढल्या तर सुमारे पाचांतील एका स्त्रीला हे दुखणे होते, असे २०१३ साली अनेक अभ्यास एकत्र करून काढलेल्या निष्कर्षात दिसले; पहिल्या एकदोन पहारेकरी गाठीच तपासायला काढल्या तर ते प्रमाण शंभरात पाच-सहावर येते. म्हणजे ते दुर्मिळ नाही. आपल्या प्रत्येक धर्मग्रामात अशी एखादी बहीण असणार, आणि ती बहुधा पदर नीट करून बसलेली असणार.

ज्या आवाजाने हे पाणी दिसते तो आवाज आपल्या कानांना ऐकू येत नाही. त्याची पहिली चाहूल लागली ती एका धर्मगुरूला, हे वाचून आम्हांला गंमत वाटली. लाझ्झारो स्पाल्लान्झानी हे इटलीतील पाव्हिया विद्यापीठात शिकवणारे कॅथोलिक धर्मगुरू. १७९३ च्या सुमारास त्यांनी वटवाघळांवर प्रयोग केले. डोळे गेलेली वटवाघळे अंधाऱ्या खोलीत टांगलेल्या दोऱ्यांना न धडकता उडत होती. कान बंद केले की मात्र धडकत होती. ती कानांनी वाट काढतात असा निष्कर्ष त्यांनी काढला, तो त्या काळी फारसा कुणाला पटला नाही. वटवाघळांचा तो श्राव्यातीत ध्वनी यंत्राने टिपला गेला तो १९३८ साली, अमेरिकेत. पुढे जहाजांच्या आणि बॉयलरच्या पोलादातील तडे शोधणाऱ्या ध्वनियंत्रांवरून ग्लासगोच्या इअन डोनाल्ड या डॉक्टरांना कल्पना सुचली आणि त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५८ साली रोग्यांच्या पोटातील गाठींची ध्वनिचित्रे प्रसिद्ध केली. पोलादातील तडा शोधणारा आवाज आज बायच्या हातातील भेग दाखवीत होता.

डॉक्टरबाईंना आम्ही विचारले, हात जाड झाला आहे हे तर डोळ्यांना दिसतेच, फितीनेही मोजता येते. मग यंत्र कशाला? त्यांनी दिलेले उत्तर आम्ही विसरणार नाही. फीत हाताचा घेर सांगते, घेर कशाने वाढला ते सांगत नाही. आत पाणी किती, घट्ट झालेला भाग किती, आणि नुसती चरबी किती, हे थर उघडून पाहिल्याशिवाय कळत नाही. पाणी असेल तर पट्टी बांधून आणि मालीश करून ते हलवता येते. घट्ट झालेला भाग लवकर मऊ होत नाही. म्हणून कोणाकडून किती आशा धरावी हे चित्र सांगते. या तपासणीत सुई नाही, किरणोत्सर्ग नाही, वेदना नाही. त्यामुळे ती कितीही वेळा करता येते. तिच्या मर्यादाही त्यांनी लपवल्या नाहीत. हृदय वा मूत्रपिंड बिघडले, किंवा नुसता संसर्ग झाला, तरी अशाच भेगा दिसू शकतात. तेव्हा रोगाचे कारण चित्रावरून एकट्याने ठरत नाही, त्याला रोग्याची हकीकत आणि डॉक्टरांचा हात लागतो. आणि हे माप धरणाऱ्याच्या हातावर फार अवलंबून असते. त्याच खुणेवर, शक्य तर दिवसाच्या त्याच वेळी, त्याच पद्धतीने धरावे लागते. "प्रोब नुसता टेकवायचा," त्या म्हणाल्या. "जोरानं दाबला की पाणी बाजूला सरतं आणि सूज कमी आहे असं खोटंच दिसतं."

साक्रिस्तीतील त्या रविवारी आम्ही नेमके हेच केले होते. बायच्या दुखण्यावर एक पवित्र वाक्य जोराने दाबून धरले होते, आणि सूज कमी दिसली होती.

उपचार सुरू झाले. प्रथम त्वचेची निगा. मग हलक्या हाताने करायचे विशिष्ट मालीश, जे रस अडलेल्या वाटेवरून शेजारच्या मोकळ्या वाटांकडे वळवते. मग पट्टी. बोटांपासून बगलेपर्यंत, आधी मऊ कापूस आणि त्यावर कमी ताणणाऱ्या पट्टीचे थर, पंजाशी अधिक घट्ट आणि वर जाताना सैल. त्या पट्टीत हात हलवीत राहायचे, म्हणजे स्नायूच पंपाचे काम करतात. सूनबाई रोज पट्टी बांधते. सोमवार हा आमच्या सुट्टीचा दिवस. फिजिओथेरपिस्टकडे बसून आम्हीही पट्टी बांधायला शिकलो, आणि तेव्हापासून सोमवारची पट्टी आमची. पहिल्या दिवशी ती इतकी वाकडी झाली की बायने ती सोडून सुनेकडून पुन्हा बांधून घेतली.

सहा आठवड्यांनी पुन्हा सोनोग्राफी झाली. त्वचा १.९, थर ८.५, काळ्या भेगा जवळजवळ मिटल्या होत्या. त्यानंतर तीन महिन्यांनी १.७ आणि ८. ज्या वहीत बाय चाफ्याच्या फुलांचा हिशेब ठेवते, कोणत्या दिवशी किती शेकडा दादरला गेली ते लिहिते, त्याच वहीच्या शेवटच्या पानावर तिने हे आकडे मांडले. आम्ही तिला विचारले, हे कशाला? ती म्हणाली, "अरे, बरं वाटतंय की नाही ते सकाळी एक आणि संध्याकाळी एक वाटतं. वहीत एकदा लिहिलं की मन डळमळत नाही."

नंतर नाताळ आला. नेवऱ्या, पाहुणे, नातवाचे पहिले कम्युनियन. पट्टीला आणि त्यापुढे दिलेल्या दाबाच्या बाहीला वेळ मिळेना. २०२४ च्या जानेवारीत यंत्राने सांगितले, २.१ आणि ९.५, आणि एक काळी भेग पुन्हा उघडली आहे. बाय रागावली. "फादर, तुमचं यंत्र खोटं बोलतं," असे आम्हांला म्हणाली. संध्याकाळी तिने मुकाट्याने बाही चढवली. माणसे भीड धरतात, आम्हीही तिला 'हात छान दिसतो' म्हणत आलो होतो. यंत्र भीड धरीत नाही. आज तिचे आकडे १.६ आणि ८ वर स्थिरावले आहेत. उजव्या हातासारखा डावा हात आता कधीच होणार नाही, आणि बाही जन्मभर वापरावी लागणार, हे तिला ठाऊक आहे. काही रोग्यांत लसीकावाहिनी शेजारच्या नीलेला सूक्ष्मदर्शकाखाली जोडण्याची शस्त्रक्रियाही आता करतात, आणि जोडण्याजोगी वाहिनी आधी सोनोग्राफीने शोधता येते. बायने ती नको म्हटले. "एवढ्यावर माझं चालतंय," म्हणाली.

हे सगळे चालू असता गावात एक कुजबूज आमच्या कानांवर आली. "हत्तीरोगच तो. कुणाचं तरी पाप फेडतेय." ती ऐकून आम्हांला राग आला, पण नवल वाटले नाही. सुजलेल्या अवयवाकडे पाप म्हणून बोट दाखवणे फार जुने आहे, आणि त्यात आपल्या ख्रिस्ती परंपरेचाही हात आहे. सोळाव्या शतकात गोव्याच्या आर्चबिशपांच्या पदरी यान हाउखेन व्हान लिन्स्खोटेन नावाचा एक डच तरुण होता. १५९६ साली त्याने आपले प्रवासवर्णन छापले. प्रेषित संत थॉमस यांना ज्यांनी ठार केले त्यांच्या वंशात एक पाय गुडघ्याखाली हत्तीच्या पायासारखा जाड घेऊन लोक जन्माला येतात, अशी दंतकथा त्यात नोंदवली आहे. सत्य पुढे कळले. १८७७ साली चीनमध्ये पॅट्रिक मॅन्सन यांनी दाखवले की हत्तीरोगाच्या कृमीची वाढ डासाच्या शरीरात होते. आणि १९९४ साली ब्राझीलमधील रेसिफे शहरात डॉक्टरांनी सोनोग्राफीच्याच पडद्यावर ते जिवंत कृमी लसीकावाहिन्यांत वळवळताना पाहिले. त्या वळवळीला वैद्यकात 'फायलेरियाचा नाच' म्हणतात. आपल्या विदर्भातही हत्तीरोगाने पिढ्यान् पिढ्या माणसे जायबंदी झाली आहेत. त्यांच्या पायात शाप नव्हता. बायच्या हातात तर कृमीही नव्हता. तिला वाचवण्यासाठी काढलेल्या गाठींची ती किंमत होती. जन्मांध मनुष्याला पाहून शिष्यांनीही पाप कोणाचे, त्याचे की त्याच्या आईबापांचे, असेच विचारले होते. प्रभूने तो प्रश्नच नाकारला आणि माती कालवायला घेतली.

पाप म्हणणारी ती शेजारीण आणि क्रूस म्हणणारे आम्ही, यांच्यात फार अंतर होते काय? हा प्रश्न आम्हांला अजून सतावतो. दोघांनीही हात न पाहताच त्याचा अर्थ सांगितला होता. १९८४ साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी मानवी दुःखाच्या ख्रिस्ती अर्थावर प्रेषितीय पत्र लिहिले. सेमिनरीत आम्ही ते अभ्यासले, त्यावर परीक्षेत उत्तरेही लिहिली. यातना ख्रिस्ताच्या यातनांशी जोडता येतात, हे त्यातील शिकवण आमच्या पक्के लक्षात राहिले आणि तीच आम्ही बायला दिली. गेल्या वर्षी ते पत्र पुन्हा उघडले. त्यातील एक पूर्ण प्रकरण चांगल्या शोमरोन्यावर आहे. तो आमच्या आठवणीतून निसटला होता. शोमरोन्याने वाटेत पडलेल्याला यातनांचा अर्थ सांगितला नाही. त्याने पाहिले, जवळ गेला आणि पट्टी बांधली.

क्रूस आहे, हे आम्ही आजही मानतो. जी सूज उतरणार नाही, जी बाही जन्मभर घालायची आहे, ती बाय रोज सकाळी प्रभूला अर्पण करते, आणि त्या अर्पणाचे मोल आमच्या प्रवचनांहून मोठे आहे. परंतु जे पाणी हलवता येते ते साचू देणे हे अर्पण नव्हे. कोणता भाग सोसण्याचा आणि कोणता उपचाराचा, हे पाहिल्याशिवाय कळत नाही. चरबी कोठे संपते आणि पाणी कोठे सुरू होते हे डॉक्टरबाईंना जसे पडद्यावर शोधावे लागले, तसे ते आम्हां धर्मगुरूंनाही प्रत्येक घरात नव्याने शोधावे लागेल.

११ फेब्रुवारीला, लूर्द्‌सच्या मातेच्या सणाला, जागतिक रुग्णदिन असतो. २०२४ साली तो रविवारी आला. रुग्णाभ्यंगाआधी आम्ही एवढेच सांगितले की, ज्या भगिनींची स्तनाची शस्त्रक्रिया झाली आहे त्यांपैकी कुणाला अंगठी, बांगडी किंवा पोलक्याची बाही घट्ट होऊ लागली असेल, हात जड वाटत असेल, तर लाजू नये, थांबू नये, डॉक्टरांना हात दाखवावा; आणि हात लाल होऊन ताप आला तर त्याच दिवशी दाखवावा. प्रवचनात असे सांगणे शोभते का, असे एका ज्येष्ठांनी आम्हांला नंतर विचारले. त्याच दिवशी दोन भगिनी साक्रिस्तीच्या दाराशी आल्या. आम्ही घड्याळ काढून टेबलाच्या खणात ठेवले आणि त्यांना बसायला खुर्च्या दिल्या. एकीची सूज आरंभीच होती. तिच्या हाताचे पाणी अजून हलते आहे.

आदल्या वर्षी, २०२३ च्या नोव्हेंबरात, मृतांच्या स्मरणदिनाच्या दुसऱ्या दिवशी तिसाव्या आठवड्यातील शुक्रवार आला होता. सकाळच्या मिस्सेला नऊ माणसे होती. बाय आमच्याकडे राहायला आली होती, ती तिसऱ्या बाकावर बसली होती. आम्ही चौदाव्या अध्यायाच्या त्या सहा ओव्या वाचल्या, दुसरीपासून सहावीपर्यंत काही न गाळता. मग प्रथमच त्या सुजलेल्या मनुष्यावर चार शब्द बोललो. प्रभूने त्याला आधी पाहिले, मग हाती धरले, एवढेच त्याचे सार होते. ख्रिस्तप्रसाद देण्यासाठी खाली उतरलो तेव्हा बायने दोन्ही हात पुढे केले. डावा खाली, उजवा वर. डाव्या हातावर ती दाबाची बाही होती आणि तिच्यावर पदर नव्हता.